ग्रीक-रोमन आदर्श आणि आरंभ-आधुनिक इतिहासलेखन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात पंधराव्या ते सतराव्या शतकांत जे इतिहासग्रंथ लिहिले गेले, त्यांच्यावर प्राचीन ग्रीक व रोमन इतिहासकारांची छाप किती आणि कशी होती, याविषयी विद्यार्थी व वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः फ्लॉरेन्स, लिस्बन आणि गोवा या तीन ठिकाणांची आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा न सांगता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'अभिजात आदर्श' म्हणजे नेमके कोणते लेखक?

हेरोडोटस, थ्युसिडिडीस, पॉलिबियस आणि प्लुटार्क हे ग्रीक भाषेतले, आणि सॅलस्ट, सीझर, लिव्ही व टॅसिटस हे लॅटिनमधले. परंतु या सर्वांचा प्रभाव सारखा नव्हता. सुशिक्षित युरोपीय मनुष्य लॅटिन शाळेतच शिकत असे, ग्रीक मात्र थोड्यांनाच येत असे. म्हणून सॅलस्ट आणि लिव्ही हे नेहमीच्या वाचनातले राहिले, तर थ्युसिडिडीसचे नाव पुष्कळदा अनुवादावरूनच घेतले गेले. या यादीत सिसेरोचीही भर घालावी लागते. त्याने स्वतः इतिहास लिहिला नाही, पण इतिहास कसा लिहावा याविषयीची त्याची मते प्रमाण मानली गेली. खोटे सांगण्यास धजू नये आणि खरे सांगण्यास कचरू नये, हा त्याने सांगितलेला इतिहासाचा पहिला नियम; आणि इतिहास हे प्रामुख्याने वक्त्याचे काम आहे, हे त्याचेच दुसरे मत. या दोहोंतील ताण पंधराव्या शतकापासून पुढे दोन-अडीचशे वर्षे जाणवत राहिला. प्रश्न ५ आणि ६ मधील सर्व गुंता तेथूनच सुरू होतो.

२. आरंभ-आधुनिक काळ म्हणजे कधीपासून कधीपर्यंत?

ढोबळमानाने इ.स. १४०० ते १७००. भारताच्या इतिहासात ही संज्ञा वापरताना तिच्या सीमा थोड्या पुढे सरकवतात.

३. मध्ययुगातही मठांतून लिव्ही आणि सॅलस्ट वाचले जात होते. मग नवे असे काय घडले?

वाचन होते, पण त्यांच्यासारखे लिहिण्याचा हट्ट नव्हता. मध्ययुगीन वृत्तान्तकार बहुधा सृष्टीच्या उत्पत्तीपासून किंवा बायबलमधील मनोऱ्यापासून आरंभ करी, वर्षामागून वर्ष नोंद करीत जाई, आणि महापूर, धूमकेतू, बिशपचा मृत्यू व लढाई यांना एकाच ओळीत बसवी. चौदाव्या शतकात इटालियन कवी पेट्रार्कने लिव्हीच्या विखुरलेल्या हस्तलिखितांची जुळणी केली, आणि तेव्हापासून त्या ग्रंथाकडे लेखनाचा घाट, म्हणजे नमुना, म्हणून पाहण्याची सवय लागत गेली. त्यानंतरचे महत्त्वाचे पाऊल अनुवादाचे होते. पोप पाचवा निकोलस याच्यासाठी इटालियन पंडित लोरेन्झो वाल्लाने थ्युसिडिडीस लॅटिनमध्ये आणला (१४५२ मध्ये काम पूर्ण झाले), आणि त्याच सुमारास निकोलो पेरोत्तीने पॉलिबियसच्या शाबूत असलेल्या पहिल्या पाच खंडांचा अनुवाद केला. पुढे छापखाना आल्यावर हे लेखक कोणत्याही वकिलाच्या किंवा सचिवाच्या घरी पोहोचू शकले.

४. लिव्हीचे अनुकरण केले म्हणजे प्रत्यक्षात काय केले?

याचे उत्तम उदाहरण लिओनार्दो ब्रूनी हे आहे. तो फ्लॉरेन्सचा चान्सेलर, म्हणजे प्रजासत्ताकाचा मुख्य पत्रलेखक होता. त्याने 'फ्लॉरेन्सच्या लोकांचा इतिहास' बारा खंडांत लॅटिनमध्ये लिहिला. लिव्हीचा विषय जसा एकच नगर, त्याची वाढ आणि त्याची युद्धे, तसाच ब्रूनीचाही. वर्षागणिक पुढे सरकणारे पण प्रत्येक मोहिमेची कारणे देणारे कथन, निर्णयाच्या क्षणी सभेत होणारी परस्परविरोधी भाषणे, लढाईपूर्वीची तयारी आणि लढाईनंतरची गणती हे सारे तेथून आले. त्यामुळे चमत्कार व दैवी शिक्षा जवळजवळ बाहेर पडल्या आणि घटनांचा उलगडा माणसांच्या हेतूंनी करावा लागला.

परंतु माझ्या मते ब्रूनीची खरी करामत नगराच्या स्थापनेच्या प्रकरणात दिसते. फ्लॉरेन्स ज्यूलियस सीझरने वसवले, अशी जुनी समजूत होती, आणि चौदाव्या शतकातील व्हिल्लानीच्या वृत्तान्तात ती तशीच आहे. ब्रूनीने रोमन ग्रंथांतील उल्लेख पडताळून, नगर रोमन सेनापती सुल्लाच्या निवृत्त सैनिकांनी, म्हणजे सम्राट येण्यापूर्वी प्रजासत्ताकाच्या काळात वसवले, असे मांडले. यात पुराव्याची छाननी आहे आणि राजकीय सोयही आहे, कारण मिलानच्या ड्यूकशी झगडणाऱ्या प्रजासत्ताकाला आपले मूळ प्रजासत्ताकातच असलेले हवे होते. या दोन प्रेरणा वेगळ्या काढता येत नाहीत, आणि काढू पाहणारा वाचक ब्रूनीला एकतर फार मोठा शास्त्रज्ञ ठरवतो किंवा निव्वळ प्रचारक.

५. या ग्रंथांतली भाषणे खरी आहेत की लेखकांनी रचलेली?

बहुतेक रचलेली आहेत, आणि तत्कालीन वाचकांना ते ठाऊक होते. थ्युसिडिडीसने आरंभीच सांगून ठेवले होते की शब्दशः स्मरण अशक्य असल्याने, प्रत्यक्ष बोलण्याच्या एकूण आशयाच्या शक्य तितके जवळ राहून, त्या प्रसंगी जे बोलणे योग्य झाले असते ते आपण वक्त्यांच्या तोंडी घातले आहे. प्रबोधनकालीन लेखकांनी यातील दुसरा अर्धा भाग आनंदाने उचलला. भाषण हे त्यांच्यासाठी कारणमीमांसेचे साधन होते. आजचा इतिहासकार 'या निर्णयामागे तीन विचार असावेत' असे स्वतःच्या आवाजात लिहितो. त्या काळचा लेखक ते तीन विचार तीन सरदारांना वाटून देई.

फ्लॉरेन्सचा राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली याच्या 'फ्लॉरेन्सचा इतिहास' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात १३७८ सालच्या लोकर-कामगारांच्या बंडाच्या वेळी एक निनावी मजूर भाषण करतो. सर्वांना नागवे करून उभे केले तर उच्चकुलीन आणि आपण सारखेच दिसू, असा त्याचा युक्तिवाद आहे. अशा भाषणाची कोणी नोंद ठेवलेली असणे शक्य नाही, आणि त्याचा बाज सॅलस्टने रोममधील कटाचा सूत्रधार कातिलिना याच्या तोंडी घातलेल्या भाषणाची आठवण करून देतो. तरीही गरिबांच्या बंडामागील तर्क इतक्या स्पष्टपणे मांडणारा उतारा त्या शतकात क्वचितच सापडेल. उसन्या साच्यामुळे लेखकाला जे स्वतःच्या नावाने म्हणता आले नसते ते म्हणता आले, हे विसरू नये. हा ग्रंथ फ्लॉरेन्सवर सत्ता असलेल्या मेदिची घराण्याच्या आश्रयाने लिहिला जात होता आणि १५२५ मध्ये त्याच घराण्यातील पोप सातवा क्लेमेंट याला तो सादर झाला.

६. मग लढायांचे वर्णन आणि मृतांचे आकडे तरी विश्वसनीय मानावेत का?

प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या साधनाशी ताडून पाहिल्याशिवाय मानू नयेत. १४४० सालच्या आंग्यारीच्या लढाईत एकच माणूस मेला, आणि तोही जखमेने नव्हे तर घोड्यावरून पडून तुडवला गेल्याने, असे मॅकियाव्हेली लिहितो. इतर समकालीन वृत्तान्तांत मृतांची संख्या याहून पुष्कळ मोठी आहे. भाडोत्री सैन्य निरुपयोगी असते, हे त्याला ठसवायचे होते आणि त्यासाठी त्याने आकडा वाकवला. येथे दोष लिव्हीच्या घाटाचा नसून लेखकाच्या सिद्धान्ताचा आहे. पण इतिहासाने धडा द्यावा, ही रोमन अपेक्षा पाठीशी असल्यामुळे असा मोह अधिक सोपा झाला, हेही खरे.

७. एवढ्या जाडजूड ग्रंथांत शेतकरी, बाजारभाव, स्त्रिया जवळजवळ का दिसत नाहीत?

कारण इतिहासाला 'प्रतिष्ठा' असते, असे मानले जाई, आणि त्या प्रतिष्ठेस शोभणारे विषय म्हणजे राजकारण व युद्ध. यावरून खुद्द पंडितांतही वाद झाले. वाल्लाने आरागॉनच्या राजघराण्याविषयी लिहिताना राजांच्या शारीरिक दुर्बलतेचे उल्लेख केले, तेव्हा बार्तोलोमेओ फाचिओने असल्या गोष्टी इतिहासात शोभत नाहीत म्हणून त्याच्यावर टीका केली. वाल्लाचे म्हणणे सत्य सांगण्याच्या बाजूचे होते. सिसेरोची दोन वाक्ये (प्रश्न १) जणू दोन माणसे होऊन भांडत होती.

याचा सर्वांत बोलका दाखला पोर्तुगीजांत मिळतो. त्यासाठी प्रश्न ११ पाहावा.

८. फ्लॉरेन्सचाच इतिहासकार ग्विच्चार्दिनी तर रोमन उदाहरणांची थट्टा करतो. मग तो या परंपरेत कसा बसतो?

हा प्रश्न रास्त आहे. आपल्या खासगी टिपणांत त्याने लिहून ठेवले आहे की ऊठसूट रोमनांचे दाखले देणाऱ्यांची फार चूक होते. तसे करायचे तर आपले नगरही त्यांच्यासारखेच असावे लागेल, नाहीतर गाढवाकडून घोड्याच्या धावेची अपेक्षा केल्यासारखे होईल. रोख अर्थात त्याच्या मित्रावर, लिव्हीच्या पहिल्या दहा खंडांवर प्रवचने लिहिणाऱ्या मॅकियाव्हेलीवर, असावा असे वाटते.

मात्र 'इटलीचा इतिहास' या वीस खंडांच्या ग्रंथात जोडीजोडीने येणारी भाषणे आहेत, पोपांची तुलनात्मक व्यक्तिचित्रे आहेत आणि वर्षागणिक मांडणीही आहे. म्हणजे रोमनांचा उपदेश त्याने नाकारला, पण त्यांची बांधणी स्वीकारली. फरक असा की तो फ्लॉरेन्सच्या सरकारी दप्तरातील कागदांवर विसंबला आणि एका नगराऐवजी अनेक राज्यांच्या परस्परसंबंधांची गोष्ट त्याने सांगितली. त्यासाठी लिव्हीकडे तयार नमुना नव्हता. ग्रंथ लेखकाच्या मृत्यूनंतर १५६१ मध्ये छापला गेला. तो वाचायला सोपा नाही. इटालियन उपहासलेखक बोक्कालिनीच्या विनोदात, दोन शब्दांऐवजी तीन वापरल्याबद्दल एका इसमाला ग्विच्चार्दिनीचे पिसाचे युद्ध वाचण्याची शिक्षा होते, तेव्हा तो त्याऐवजी जहाजावर वल्ही मारायला पाठवा म्हणून विनवणी करतो. ज्यांनी ती प्रकरणे वाचली आहेत त्यांना या इसमाविषयी सहानुभूती वाटेल.

९. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिव्ही मागे पडून टॅसिटस पुढे का आला?

पहिले कारण साधे आहे : त्याच्या 'आनाल्स' या ग्रंथाचे पहिले सहा खंड एकाच हस्तलिखितात उरले होते आणि ते १५१५ मध्ये प्रथम छापले गेले. दुसरे कारण काळाचे आहे. नगर-प्रजासत्ताके संपून दरबार आले, धर्मयुद्धे पेटली, आणि सभेत बोलणाऱ्या नागरिकापेक्षा राजाच्या मर्जीवर जगणारा, मनातले ओठांवर न आणणारा दरबारी हा ओळखीचा मनुष्य झाला. टॅसिटसने सम्राट टायबेरियसच्या रोमविषयी जे लिहिले होते ते माद्रिद किंवा लंडन येथे वाचताना वेगळ्या भाष्याची गरज पडत नसे. युस्टुस लिप्सियस या पंडिताने १५७४ मध्ये सिद्ध केलेल्या आवृत्तीने त्याचा पाठ पुष्कळ सुधारला. मॅकियाव्हेलीचे ग्रंथ चर्चच्या निषिद्ध यादीत गेल्यावर तेच विचार टॅसिटसच्या आडून मांडणे सुरक्षितही होते.

तरी ते नेहमीच सुरक्षित नसे. जॉन हेवर्डने १५९९ मध्ये इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीचा इतिहास टॅसिटसच्या धर्तीवर लिहून अर्ल ऑफ एसेक्सला अर्पण केला. हेन्रीच्या आधीच्या राजाच्या पदच्युतीचा विषय पाहून राणी एलिझाबेथ संतापली आणि लेखक कैदेत गेला. यात राजद्रोह आहे काय, असे तिने विचारल्यावर फ्रान्सिस बेकनने उत्तर दिले की राजद्रोह नाही, पण चोरी मात्र आहे, कारण टॅसिटसची कितीतरी वाक्ये त्याने उचलली आहेत.

१०. कागदपत्रांची चिकित्सा ही आधुनिक पद्धत. तिचा अभिजात आदर्शांशी काय संबंध?

संबंध आहे, पण तो लिव्ही-टॅसिटस यांच्या वाटेने येत नाही. सम्राट कॉन्स्टन्टाइनने पश्चिमेचे राज्य पोपला दान दिले, असे सांगणारा दस्तऐवज बनावट आहे, हे वाल्लाने १४४० मध्ये दाखवले. त्यातील लॅटिन चौथ्या शतकाचे असूच शकत नाही, हा त्याचा मुख्य पुरावा होता. अभिजात लॅटिनच्या बारीक अभ्यासातून आलेले हे ज्ञान व्याकरणकाराचे होते. गंमत अशी की त्याच पुस्तकात कॉन्स्टन्टाइनचे पुत्र, रोमची सिनेट आणि पोप सिल्व्हेस्टर यांनी या दानाला विरोध करताना केली असती अशी लांबलचक काल्पनिक भाषणेही आहेत. वाल्लाला यात विसंगती वाटली नाही, कारण शक्यतेचा युक्तिवाद हेही त्याच्या दृष्टीने पुराव्याचेच अंग होते. चिकित्सा आणि कथन या दोन वाटा पुष्कळ काळ समांतर चालल्या.

११. या सगळ्याचा गोव्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. गोव्याच्या पोर्तुगीज विजयाचा सर्वांत प्रसिद्ध छापील वृत्तान्त लिव्हीच्या साच्यात लिहिलेला आहे. त्याचा लेखक जुआंव द बारुश हा लिस्बनच्या 'काझा द इंदिया' या भारताशी होणारा व्यापार सांभाळणाऱ्या कचेरीचा प्रमुख अधिकारी होता. भारतात तो कधीही आला नाही. त्याच्या 'आशियाची दशके' या ग्रंथाचे पहिले तीन भाग १५५२, १५५३ आणि १५६३ मध्ये निघाले. येथे दशक म्हणजे दहा वर्षे नव्हेत. दासबोधात जसे दहा समासांचे एक दशक, तसे येथे दहा खंडांचे एक दशक. लिव्हीच्या १४२ खंडांपैकी आज उरलेले ३५ खंड परंपरेने दहा-दहांच्या गटांत मोजले जात, तीच मोजणी बारुशने स्वीकारली. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने १५१० मध्ये घेतलेला गोवा दुसऱ्या दशकात येतो.

आता प्रश्न ७ चा उरलेला भाग. काळ्या मिरीचा हिशेब ज्याच्या कचेरीतून जात होता, त्या माणसाने आपल्या योजनेत विजयाचा इतिहास वेगळा, भूगोल वेगळा आणि व्यापार वेगळा ठेवला, आणि पूर्ण होऊन आपल्यापर्यंत आला तो फक्त विजय. पोर्तुगीज ज्यासाठी आले ती गोष्टच मुख्य कथानकाबाहेर राहिली, कारण तिला रोमन इतिहासात जागा नव्हती. अभिजात आदर्शाने नेमके काय केले याचे मला सुचणारे हे सर्वांत स्पष्ट उत्तर आहे : भाषेच्या अलंकारांपेक्षा निवडीवर त्याचा अंमल अधिक चालला. सत्याबद्दलही बारुशची भूमिका तशीच आहे. सत्य हे इतिहासाचे मुख्य अंग, असे म्हणून तो लगेच जोडतो की कोणाच्या अपकीर्तीच्या गोष्टी खऱ्या असल्या तरी सगळ्या सांगू नयेत.

१२. दियोगु दु कोउतु हा बारुशचा नुसता पुढचा भाग लिहिणारा होता का?

नाव तसे सांगते, मजकूर नाही. कोउतु १५५९ मध्ये शिपाई म्हणून भारतात आला आणि आयुष्याचा बहुतेक काळ येथेच राहिला. १५९५ मध्ये राजाने त्याला 'दशके' पुढे चालवण्यासाठी आणि गोव्यातील दप्तरखान्याचा प्रमुख म्हणून नेमले. पणजीचे आजचे पुराभिलेखागार आपला आरंभ याच वर्षापासून मोजते. साचा बारुशचाच, पण कोउतुने अधिकाऱ्यांची लूटमार, बुडालेली जहाजे, उपाशी शिपाई हे सारे त्यात घातले. 'अनुभवी शिपाई' या त्याच्या संवादग्रंथात तर त्याने घाटच बदलला, कारण इतकी उघड टीका दशकांच्या भारदस्त चौकटीत मावली नसती. आजारपणात त्याच्या आठव्या व नवव्या दशकांची हस्तलिखिते चोरीस गेली आणि त्याला ती संक्षेपाने पुन्हा लिहावी लागली. १६१६ मध्ये तो गोव्यातच वारला.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी त्याचे सातवे दशक विशेष आहे. त्यात कान्हेरी आणि घारापुरी येथील लेण्यांची सविस्तर वर्णने आहेत, आणि घारापुरीचा एक शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला पण तो कोणालाच वाचता आला नाही, ही हकिगतही आहे. युद्धाची गोष्ट थांबवून देशाचे वर्णन करण्याची मुभा हेरोडोटसपासूनची आहे. कोउतुने ती स्वतः पाहिलेल्या दगडांसाठी वापरली.

१३. बारुश आणि कोउतु या दोघांच्याही नावावर 'चौथे दशक' आहे. कोणते खरे?

दोन्ही खरी आहेत. कोउतुचे चौथे दशक १६०२ मध्ये छापले गेले. बारुशच्या मागे राहिलेल्या कच्च्या मजकुरावरून जुआंव बाप्तिश्त लाव्हान्याने दुसरे चौथे दशक सिद्ध करून १६१५ मध्ये माद्रिदला छापले. संदर्भ देताना लेखकाचे नाव न दिल्यास घोटाळा होतो.

१४. सर्वच पोर्तुगीज इतिहासकार रोमनांच्या पावलावर चालले का?

नाही. गाश्पार कोरैया १५१२ मध्ये भारतात आला, आल्बुकेर्कचा लेखनिक होता, आणि त्याचा 'लेंदश द इंदिया' हा ग्रंथ पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींचा सुस्त पण जिवंत वृत्तान्त आहे. तो १८५८ पर्यंत छापलाच गेला नाही. कश्तान्येदा हा आणखी एक पोर्तुगीज इतिहासकारही लिव्हीच्या फारसा नादी लागत नाही. उलट टोकाला आल्बुकेर्कच्या मुलाने वडिलांच्या कारकिर्दीवरील १५५७ च्या ग्रंथाला सीझरची आठवण देणारे 'कोमेंतारियुश' हे नाव दिले, आणि जेझुइट पंथाचा पाद्री माफ्फेई याने भारताचा इतिहास (१५८८) इतक्या निवडक लॅटिनमध्ये लिहिला की भाषा बिघडू नये म्हणून तो प्रार्थनासुद्धा ग्रीकमध्ये म्हणे, असे सांगतात.

१५. शिवभारत किंवा बखरी यांवर हा प्रभाव होता का?

ग्रीक-रोमन प्रभाव नाही. परंतु प्रश्न उलटा विचारला तर उत्तर रोचक होते. कवीन्द्र परमानंदाचे शिवभारत हे त्याच आरंभ-आधुनिक काळातले आहे, समकालीन राजाचा इतिहास सांगते, आणि त्यासाठी महाभारत व पुराणे यांचा अभिजात संस्कृत घाट वापरते : काशीतील श्रोत्यांसमोरचे कथन, अनुष्टुभ् छंद, प्रतिस्पर्ध्यांची भाषणे. प्रश्न ५ मधील कसोटी तेथेही लावता येते. १६९० च्या दशकात जिंजीला लिहिली गेलेली सभासद बखर मात्र वेगळ्या, दरबारी गद्याच्या वळणाची आहे. दोन परंपरांत साम्य दिसले म्हणजे देवाणघेवाण झालीच असे होत नाही.

१६. एखादा प्रसंग लिव्हीवरून उचललेला निघाला, तर तो घडलाच नाही असे समजावे का?

असा निष्कर्ष घाईचा ठरतो. तीन शक्यता तपासाव्या लागतात. लेखकाने प्रसंग रचला असेल. घडलेला प्रसंग ओळखीच्या शब्दांत सांगितला असेल. किंवा प्रत्यक्ष पात्रांनीच लिव्ही वाचलेला असल्यामुळे ती तशी वागली असतील. तिसरी शक्यता बहुधा विसरली जाते, पण शाळेत रोमन भाषणे पाठ केलेला फ्लॉरेन्सचा नागरिक सभेत उभा राहिल्यावर त्याच धर्तीवर बोलणार, यात नवल नाही. निर्णय स्वतंत्र साधनांवरून करावा : राजदूतांची पत्रे, सभेची टिपणे, हिशेबाच्या वह्या. कोउतुच्या बाबतीत गोव्याचे दप्तर, आणि लेण्यांच्या बाबतीत तर खुद्द लेणीच, आजही ताडून पाहण्यासाठी उपलब्ध आहेत.